सोळा बाय एकवीस : ‘लिटल निमो’चं पान पुस्तकात आणताना

अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅकेचं ‘लिटल निमो इन स्लम्बरलँड’ हे निमो नावाच्या मुलाच्या स्वप्नांचं रविवारचं चित्रकथेचं पान ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये १५ ऑक्टोबर १९०५ रोजी सुरू झालं आणि २३ जुलै १९११ पर्यंत तिथे चाललं. या दोन तारखांमध्ये ३०२ रविवार येतात. मग मॅके वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या ‘न्यूयॉर्क अमेरिकन’कडे गेला. पात्रं वापरायचा हक्क त्याने कोर्टातून मिळवला, पण शीर्षक हेरल्डकडेच राहिलं, म्हणून तीच मालिका ‘इन द लँड ऑफ वंडरफुल ड्रीम्स’ या नावाने १९१४ पर्यंत छापली गेली. जुने अंक चाळताना याच नावबदलामुळे ही पानं नजरेतून सुटतात. १९२४ ते १९२६ मध्ये मालिका ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये जुन्या नावाने परतली. सगळी मिळून ५४९ पानं होतात.

२००५ साली मालिकेची शंभरी होती. तोवर तिची पुस्तकं निघाली होतीच. प्रकाशक वूडी गेलमनला १९६६ मध्ये एका कार्टून स्टुडिओत मॅकेची बरीच मूळ चित्रं सापडली, १९७३ मध्ये त्याने संग्रह काढला. पुढे सहा खंडांची आवृत्तीही आली. पण ही सगळी पुस्तकं कपाटाच्या फळीवर मावतील अशा बेताने केलेली होती. हेरल्डचं पान मुळात सुमारे १६ इंच रुंद आणि २१ इंच उंच. पीटर मरेस्का या संग्राहकाने ‘संडे प्रेस बुक्स’ या नावाने स्वतःच प्रकाशन काढलं आणि ‘सो मेनी स्प्लेंडिड संडेज’ हा निवडक पानांचा खंड बरोबर त्याच १६ बाय २१ इंचांत छापला. एका पानाच्या डिजिटल दुरुस्तीला त्याला ५ ते २० तास लागले.

हे प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण इथे आकाराचा निर्णय आधी झाला आणि बाकीचे सगळे निर्णय त्याच्या मागून ओढले गेले : कोणती प्रत घ्यायची, स्कॅन कसा करायचा, रंग किती धुवायचे, फर्मा (एकत्र शिवायचा पानांचा जुडगा) कसा पाडायचा, आणि शेवटी किती पानं सोडून द्यायची.

आकार लहान केला की नेमकं काय जातं

१६ इंच रुंदीचं पान १० इंचांवर आणलं तर लांबी-रुंदी ६२.५ टक्के उरते, क्षेत्रफळ मात्र ३९ टक्के. मॅकेच्या बाबतीत हा तोटा इतर कोणाहीपेक्षा जास्त बोचतो. त्याची एक उणीव सर्वज्ञात आहे : चित्र काढताना तो संवादांच्या फुग्यांना जागा ठेवत नसे आणि मग अक्षरं उरलेल्या फटीत कोंबत असे. मूळ पानावरही काही संवाद वाचायला डोळे ताणावे लागतात. तिथलं २ मिलिमीटरचं अक्षर छोट्या पुस्तकात सव्वा मिलिमीटरचं होतं. वाचक मग संवाद सोडून नुसती चित्रं पाहत जातो, आणि मॅकेला गोष्ट सांगता येत नव्हती असा चुकीचा समज पसरतो.

दुसरी गोष्ट चौकटींची. मालिकेच्या दुसऱ्याच आठवड्यात, २२ ऑक्टोबर १९०५ च्या पानावर, निमो अळंब्यांच्या रानात शिरतो. अळंब्या वाढतात तशा चौकटी उंच होत जातात आणि अळंब्या कोसळू लागल्या की आखूड होतात. त्याच वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या पानावर घर गिळणारा टर्की पानाच्या मधोमध एका मोठ्या गोल चौकटीत बसवला आहे. २६ जुलै १९०८ च्या पानावर पलंगाला पाय फुटतात, ते लांबत जातात आणि तो शहरातल्या इमारतींच्या डोक्यावरून चालू लागतो. ही पानं एका नजरेत मावू नयेत अशाच बेताने रचलेली आहेत. पान हातात धरलं की वरून खाली मान हलवावी लागते, आणि पलंगाची उंची त्या हालचालीतूनच जाणवते. दहा इंच रुंदीच्या पुस्तकात पलंग उंच आहे हे कळतं खरं, पण ती उंची अंगावर येत नाही.

म्हणून १९०५ ते १९१० च्या पानांसाठी पूर्ण आकार ही चैन नाही, असं आमचं ठाम मत आहे. रोज येणाऱ्या तीन-चार चौकटींच्या पट्टीला हा न्याय लावता येणार नाही. तिथे एका पानावर तीन पट्ट्या बसवल्या तरी काही बिघडत नाही.

प्रत कुठून आणायची

मॅकेची मूळ चित्रं मोजकीच उरली आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लागलेल्या आगीत त्यांतली बरीच गेली. जी आहेत ती काळ्या शाईची. पानाचे रंग वृत्तपत्राच्या छपाईत ठरले : मॅके कोणता रंग कुठे हवा हे बारकाईने लिहून देई आणि हेरल्डचे कारागीर बेन-डे पद्धतीने ठिपक्यांच्या छटा पाडत. हेरल्डची रंगीत छपाई त्या काळी सर्वांत सरस मानली जाई. थोडक्यात, रंगीत पानापुरतं ‘मूळ’ म्हणजे छापून बाहेर पडलेला तो रविवारचा कागदच.

आणि तो कागद टिकण्यासाठी बनवलेला नव्हता. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहतो, त्याने कागद पिवळा पडतो, आम्लता वाढते आणि घडीवर तो तुटतो. ग्रंथालयांनी हे अंक मायक्रोफिल्मवर घेतले आणि मूळ गठ्ठे काढून टाकले. मायक्रोफिल्म काळी-पांढरी, तीही कडक कॉन्ट्रास्टची. बातमी वाचायला ती ठीक आहे, निमोसाठी तिचा उपयोग तारीख पडताळण्यापलीकडे नाही. बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाने १९६८ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट’ उभी केली ती नेमकी ग्रंथालयांनी टाकलेले गठ्ठे वाचवायला. तो सुमारे ७५ टनांचा साठा पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि आज बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालयाचा भाग आहे. त्या एका माणसाने हे केलं नसतं तर जुन्या कॉमिक स्ट्रिप्सच्या किती आवृत्त्या निघूच शकल्या नसत्या, याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

एका तारखेच्या किमान दोन प्रती मिळवाव्यात, जमल्यास तीन. कारण रंगांची जुळणी, म्हणजे रजिस्ट्रेशन, प्रत्येक प्रतीत थोडी वेगळी असते. एका प्रतीत निमोच्या गालाचा रंग गालाबाहेर गेलेला असतो, दुसऱ्या प्रतीत गाल नीट पण वरचा कोपरा फाटका. सुट्या पानांना मधली घडी हमखास असते. बांधीव गठ्ठ्यातल्या पानांना ती कमी, पण बांधणाऱ्याने कडा कापलेल्या असतात आणि आतली बाजू शिवणीत वळलेली असते. प्रत पाहताना आधी चार कडा पाहाव्यात, मग घडी, मग चेहरे. रंग किती उडालाय हे सगळ्यात शेवटी. उडालेला रंग काही प्रमाणात परत आणता येतो, कापून गेलेली कड परत येत नाही.

स्कॅन

६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, १६ बाय २१ इंचांचं पान ९६०० बाय १२६०० पिक्सेलचं होतं, म्हणजे सुमारे १२ कोटी १० लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगवाहिनीला १६ बिट धरले तर एक फाइल ७२६ मेगाबाइटची, थर चढवले की तिच्या कित्येक पट. ४०० डीपीआयला ६४०० बाय ८४००, म्हणजे साधारण ५ कोटी ३८ लाख पिक्सेल. छपाई मूळ आकारात होणार असेल तर ४०० पुरतं. ६०० चा फायदा ठिपके साफ करताना होतो, आणि काळी रेघ वेगळी काढायची असेल तेव्हा.

ए३ स्कॅनरवर पान आडवं ठेवलं तर ते दोन भागांत बसतं आणि मध्ये अडीच इंचांच्या आसपास सामाईक पट्टा राहतो. पण उरलेलं अर्धं पान काचेबाहेर लोंबतं. शंभर वर्षांचा कागद काचेच्या कडेवर वाकला की तिथेच तडकतो. स्कॅनरच्या उंचीचं टेबल बाजूला लावून पान सपाट आधारावर राहील असं करावं. त्याहून बरं म्हणजे वरून कॅमेऱ्याने टिपणं. मग मात्र प्रकाश चारही कोपऱ्यांत सारखा आहे ना हे कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन आधी तपासावं. तोच फोटो पुढे उजेडातला फरक काढून टाकायला वापरता येतो.

पानामागे काळा कागद ठेवायला विसरू नये. पांढरी पाठ असली तर मागच्या बाजूची छपाई पातळ कागदातून पुढे उमटते आणि निमोच्या आकाशात उलटी अक्षरं दिसू लागतात. ती नंतर हाताने काढण्यात तास जातात. काळ्या पाठीने पान एकूण किंचित गडद येतं, पण सर्वत्र सारखंच, म्हणून ते सहज सुधारता येतं.

दोन भाग जोडताना सांधा चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीतून न्यावा. आकाशाच्या उतरत्या छटेतून नेला तर सांधा कितीही जुळवला तरी ठिपक्यांची रांग तिथे सरकलेली दिसते.

रंग किती धुवायचा

बहुतेक आवृत्त्या फसतात त्या इथे. पिवळा पडलेला कागद एका झटक्यात शुभ्र केला की पिवळी शाईही त्याच्याबरोबर फिकी होते. त्वचेचे रंग आजारी दिसतात, नारिंगी गुलाबीकडे जातो. कागदाचा पिवळेपणा आणि शाईचा पिवळा रंग एकाच वाहिनीत बसलेले असतात, सॉफ्टवेअरला त्यांच्यातला फरक कळत नाही. उलट काहीच केलं नाही तर निळं आकाश हिरवट राहतं, कारण ते पिवळ्या कागदावर बसलेलं आहे.

बरी रीत अशी : समासातल्या आणि फुग्यांच्या आतल्या कोऱ्या कागदाचे पंधरा-वीस नमुने घ्यायचे. कडेचा कागद मधल्यापेक्षा जास्त तपकिरी असतो, म्हणून एकाच नमुन्यावर सगळं पान कधीही सुधारू नये. या नमुन्यांवरून कागदाच्या रंगाचा सावकाश बदलणारा नकाशा बनवायचा आणि तो पानातून वजा करायचा, पण पूर्ण नाही. थोडी उबदार छटा ठेवावी. फुग्याचा आतला भाग ताज्या वृत्तपत्राच्या कागदाइतका दिसला की थांबावं.

जुन्या चिकटपट्टीचे तपकिरी डाग निळ्या वाहिनीत सर्वांत ठळक असतात आणि लाल वाहिनीत जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी संपूर्ण चित्र पुन्हा रंगवत बसू नये. लाल वाहिनी तशीच ठेवून निळी तेवढी दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करावी. घडीवर गेलेली रेघ दुसऱ्या प्रतीतून घ्यावी. दुसरी प्रत नसेल तर शेजारच्या रेघेच्या जाडीने जोडावी, पण चेहऱ्यावर हा प्रयोग करू नये. मॅकेच्या चेहऱ्यात डोळा म्हणजे कधी कधी एक ठिपका असतो. तो केसभर हलला तरी भाव बदलतो.

रजिस्ट्रेशन चुकलेलं असेल तर ते सुधारायचं का? केसभर सरकलेला रंग तसाच राहू द्यावा. तो त्या छपाईचा भाग आहे आणि संगणकाने काटेकोर जुळवलेलं निमोचं पान निर्जीव दिसतं. रंग बाह्यरेषेबाहेर पडून चौकट वाचायला अडथळा होत असेल तरच प्रत बदलावी. ५ तास आणि २० तास यांतला फरक बहुधा अशाच ठिकाणी पडतो. ११० पानांचा संच धरला तर ५५० ते २२०० तास होतात. आठवड्याला ४० तास काम केलं तर १४ आठवड्यांपासून ५५ आठवड्यांपर्यंत. अंदाज बांधताना मधला आकडा न धरता वरचा धरावा.

आता मालिकेतल्या इम्प या पात्राबद्दल. आफ्रिकी माणसांची त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांत जी अपमानास्पद रूढ प्रतिमा होती, ती या पात्रात जशीच्या तशी आहे. ती पुसायची नाही, चित्रही बदलायचं नाही. प्रस्तावनेत स्पष्ट शब्दांत सांगायचं. पानं निवडताना ती पानं गुपचूप वगळणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण मग वाचकाला मालिका होती त्यापेक्षा निर्मळ वाटते.

छपाई आणि बांधणी

स्कॅनमधली काळी रेघ प्रत्यक्षात चारही शायांच्या मिश्रणातून आलेली असते. ती तशीच छापली आणि मशीनवर प्लेट जरा सरकली की प्रत्येक रेघेला रंगीत सावली पडते, आणि मॅकेच्या बारीक अक्षरांचा तर चिखल होतो. म्हणून काळी रेघ वेगळी काढून मुख्यतः काळ्या प्लेटवरच ठेवावी लागते. हे काम स्वयंचलित करता येतं, पण अक्षरं एकेक फुगा पाहून तपासावी लागतात.

जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके पडले की मोआरे येतो, म्हणजे जाळीवर जाळी ठेवल्यावर दिसतात तशा लाटा. इथे पूर्ण आकाराचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. मूळ पानावर इंचाला ६० ठिपके धरले, तर ६२.५ टक्क्यांवर आणल्यावर ते इंचाला ९६ होतात, म्हणजे नव्या छपाईच्या जाळीच्या बरेच जवळ जातात आणि लाटा ठळक होतात. पूर्ण आकारात ते ६० च राहतात. नवी जाळी इंचाला २०० रेघांची किंवा विखुरलेल्या ठिपक्यांची घेतली की प्रश्न बहुतांशी मिटतो आणि जुना बेन-डे ठिपका पानावर ठिपका म्हणूनच दिसतो. ठिपके आधीच धूसर करून टाकणं हा लहान आकाराच्या पुस्तकांचा नाइलाज आहे, इथे त्याची गरज नाही.

कागद चकचकीत नको. चकाकीने काळा खोल दिसतो खरा, पण २१ इंच उंचीच्या पानावर दिव्याचं प्रतिबिंब कुठे ना कुठे पडतंच, आणि वृत्तपत्राचा पोत हरवतो. मॅट कागदावर शाई जास्त पसरते, तेवढी छटा फाइलमध्ये आधीच हलकी करून ठेवावी, आणि एक अख्खं पान त्याच कागदावर त्याच मशीनवर छापून पाहावं. घरगुती प्रिंटरवरची चाचणी इथे फसवते.

आता हिशोब. २८ बाय ४० इंचांच्या कागदाच्या तावावर एका बाजूला १६ बाय २१ ची दोनच पानं बसतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. साडेआठ बाय अकराच्या पुस्तकात त्याच तावावर सोळा बसतात. १२० पानांच्या एका प्रतीला त्यामुळे साडेसातऐवजी ३० ताव लागतात. एक घडी घातलेले चार ताव एकात एक घालून सोळा पानांचा फर्मा करायचा आणि शिवायचा. नुसत्या गोंदाची बांधणी या वजनाला टिकत नाही.

यातली सर्वांत महाग चूक कागदाच्या ग्रेनची, म्हणजे तंतूंच्या दिशेची. तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवेत, नाहीतर पान उलटताना ताठ राहतं आणि दमट हवेत कण्याजवळ लाटा येतात. या मांडणीत घडी २८ इंचांच्या बाजूला समांतर येते, तेव्हा ग्रेनही त्या आखूड बाजूला हवा. लांब बाजूला ग्रेन असलेला कागद आला तर छापून होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. मागणी नोंदवतानाच हे लिहून द्यावं आणि कागद आला की एक ताव दोन्ही दिशांनी फाडून पाहावा : ग्रेनच्या दिशेने तो सरळ फाटतो.

वजन : एका पानाचं क्षेत्रफळ ०.२१७ चौरस मीटर. १५० जीएसएमचा (चौरस मीटरला १५० ग्रॅम) कागद घेतला तर १२० पानांच्या ६० कागदांचे १.९५ किलो, वर पुठ्ठे आणि कापड मिळून ३ किलोंच्या आसपास. पुस्तक उभं ठेवलं की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यातून सुटू लागतो. आतल्या सांध्याला कापडी पट्टी द्यावी आणि पुस्तक आडवंच ठेवावं असं खोक्यावर छापावं. खोकंही पुस्तकाहून चारही बाजूंनी दोन इंच मोठं हवं, कारण वाहतुकीत पहिला मार कोपऱ्यांना बसतो.

जे सोडावं लागलं

हेरल्डच्या ३०२ रविवारांपैकी मरेस्काच्या पहिल्या खंडात साधारण एक तृतीयांश आले. २००८ मध्ये त्याच आकाराचा दुसरा खंड निघाला, तरीही सलग मालिका पूर्ण झाली नाही. निवड म्हटलं की गाजलेली पानं आत येतात आणि जोडणारी बाहेर राहतात. निमोचं स्लम्बरलँडला पोचणं महिनोन्‌महिने लांबतं, दर आठवडी तो शेवटच्या चौकटीत पलंगावर जागा होतो. त्या लांबण्यातच गंमत आहे आणि नेमकी तीच निवडीत तुटते.

ती बाजू ताशेन या प्रकाशनाच्या २०१४ च्या आवृत्तीने सांभाळली : ५४९ पानं, आकार मूळपेक्षा लहान पण आधीच्या पुस्तकांपेक्षा बराच मोठा. सगळी पानं पूर्ण आकारात एकाच खंडात घेतली असती तर वरच्याच हिशोबाने नुसता कागद ९ किलोंच्या घरात गेला असता. अभ्यासाला ही सलग आवृत्ती हवी, आणि मॅके पान कसं रचत होता हे समजायला मोठा खंड हवा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

१९११ नंतरच्या हर्स्टच्या काळातल्या पानांना पूर्ण आकाराचा खंड काढायचा झाला तर हाच हिशोब पुन्हा मांडावा लागेल. तिथे चौकटींची रचना हेरल्डच्या पानांइतकी धाडसी नाही, त्यामुळे आकाराने मिळणारा लाभ कमी आणि खर्च मात्र तेवढाच. आमच्या मते ती पानं ८० टक्क्यांवर, १३ बाय १७ इंचांच्या आसपास, सलग छापावीत. २ मिलिमीटरचं अक्षर तिथे १.६ राहतं, म्हणजे वाचता येतं. आधी नावबदलानंतरचे सगळे रविवार तारखेनुसार यादीत मांडून कोणत्या तारखांच्या दोन प्रती मिळतात ते पाहावं, आणि ज्यांची एकच, तीही कडा कापलेली प्रत हाती आहे, त्यांच्यापासून शोध सुरू करावा.